डब्यातलं तेल आणि वाटीतला लेप

१९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीचं पेटंट दिलं. जखम भरून येण्यासाठी हळद वापरणं ही नवी कल्पना असल्याचा तिथल्या दोन संशोधकांचा दावा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं जुने ग्रंथ धुंडाळले, १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही लढाई आजही अभिमानानं सांगतात, आणि ती सांगायलाच हवी. मात्र तिथं सिद्ध काय झालं, हे सांगायचं बहुधा राहून जातं. जखमेला हळद लावण्याचं ज्ञान आपल्याकडे जुनं आहे, एवढंच तिथं सिद्ध करायचं होतं. हळद कुणाला, किती आणि कितपत गुण देते, हा प्रश्न त्या कार्यालयापुढे आलाच नव्हता.

त्वचा मऊ ठेवण्यासाठी स्वयंपाकघराकडे वळताना नेमकी हीच गल्लत होते. जे जुनं ते गुणकारी आणि जे घरचं ते निर्धोक, असं एक बाजू धरून चालते. दुसऱ्या बाजूला त्वचारोगतज्ज्ञ असतात. लिंबानं भाजलेले आणि लेपांनी पुरळलेले चेहरे रोज पाहून ते एकाच वाक्यात निकाल देतात की स्वयंपाकघरातलं पोटात जाऊ द्या, तोंडाला लावू नका. पहिल्या बाजूची आपुलकी आणि दुसऱ्या बाजूचा अनुभव, दोन्ही खरे आहेत. रेघ मात्र दोघांनीही चुकीच्या जागी ओढली आहे. ‘नैसर्गिक’ आणि ‘केमिकल’ अशा वाटणीनं त्वचेला काही कळत नाही. विचारायचे प्रश्न दोन आहेत. जे लावतो आहोत त्यात पाणी आहे का? आणि ज्या त्वचेवर लावतो आहोत ती धड आहे का?

त्वचेचा सर्वांत वरचा थर तळहात-तळपाय सोडले तर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. त्यात मृत पेशींच्या मधल्या फटींमध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं भरलेली असतात. शरीरातलं पाणी उडून जाऊ न देणं हे या स्निग्ध भरावाचं काम. डिसेंबर-जानेवारीत विदर्भ-मराठवाड्यातली हवा कोरडी होते, आपण कडकडीत पाणी अंगावर घेतो आणि वर अंगभर साबण फिरवतो. साबणाचा सामू ९-१० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. भराव धुऊन जातो, फटी उघड्या पडतात, पाय पांढुरके दिसू लागतात, नडग्यांवर खवले येतात. अशा वेळी बाहेरून तीन प्रकारे मदत करता येते. ग्लिसरीन किंवा मधासारखी वस्तू पाणी धरून ठेवते. तेल फटींमध्ये शिरून पृष्ठभाग मऊ करतं. मेण, तूप किंवा पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. बाजारातलं महागातलं क्रीमही याच तीन कामांची जुळणी असते, आणि यातली निदान दोन कामं आपल्या फडताळातल्या वस्तू चोख करतात.

त्यांतली मला सर्वांत मोलाची वाटते ती कोकमाची चरबी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात उन्हाळ्यात कोकमं फोडून सालं आमसुलांसाठी वाळत घातली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारी चरबी काढून घ्यायची आणि थिजू लागली की मुठीनं तिचे गोळे वळायचे. कुणी याला मुठेल म्हणतं, कुणी भिरंडेल, कुणी नुसतं कोकमतेल. यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असतं, म्हणून कोकणातल्या उकाड्यातही गोळा घट्ट राहतो. वितळायला चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते. भातलावणीच्या चिखलात पाय कुजले, थंडीत टाचा फुटल्या की हा गोळा जरासा तापवून भेगांमध्ये भरतात. यामागे ग्रंथ नाही, जाहिरात नाही, तरी त्वचेच्या शास्त्राशी हे वागणं तंतोतंत जुळतं. घट्ट, पाणी नसलेली, वास जवळपास नसलेली चरबी फुटलेल्या टाचेवर बसते आणि तिथंच टिकते. फ्रीजशिवाय ती महिनोन्‌महिने चांगली राहते.

घरी मलम करायचंच असेल तर याच जातीचं करावं. चार-पाच भाग खोबरेल किंवा करडईचं तेल आणि एक भाग मधमाशांचं मेण एका भांड्यात घ्यावं, ते भांडं गरम पाण्यात ठेवून मेण वितळू द्यावं आणि कोरड्या, स्वच्छ डबीत ओतावं. कोकमतेल मिळालं तर मेणाचा काही भाग कमी करून ते घालावं. त्यात पाणी नाही, गुलाबपाणी नाही, कोरफड नाही. डबीत ओलं बोट घालायचं नाही. आंघोळीनंतर टॉवेलनं टिपून अंग किंचित ओलसर असतानाच हे लावलं तर ते त्वचेतलं पाणी आत कोंडतं. अर्ध्या तासानं, अंग पुरतं कोरडं झाल्यावर लावलं तर निम्मा उपयोग गेला. कितीतरी घरांत तेल चांगलं असतं, फक्त ही वेळ चुकते.

कुठलं तेल, यावर मात्र घराघरांतली खात्री आणि प्रयोगांतून दिसलेलं यांत अंतर आहे. ऑलिव्ह तेल महाग आणि परदेशी म्हणून उत्तम समजलं जातं. शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातांवर ते लावून पाहिलं, तर त्वचेचा भराव कमकुवत झालेला आणि किंचित लाली आलेली आढळली. सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही. फरक मेदाम्लांचा आहे. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल फार, सूर्यफुलात लिनोलेइक अधिक, आणि लिनोलेइक आम्ल त्वचेला स्वतःचा भराव तयार करायला लागतं. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या पिकलेल्या करडईच्या तेलात लिनोलेइक सत्तर टक्क्यांच्या वर असतं. सूर्यफुलावरचे प्रयोग करडईला आपोआप लागू होत नाहीत, हे मान्य. तरी आयात ऑलिव्हची बाटली आणि गावच्या घाण्यावरची करडई यांत निवड करायची झाली, तर मी करडई उचलेन.

खोबरेलाची बाजूही भक्कम आहे. फिलिपिन्समध्ये २००४ साली कोरड्या त्वचेवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, तेव्हा खोबरेल त्याच्या तोडीस तोड ठरलं. पण तेच खोबरेल मुंबईच्या दमटपणात तेलकट, पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर लावलं तर रंध्रं बुजतात. डोक्यातला कोंडा, भुवयांतले आणि नाकाच्या कडेचे पापुद्रे यांना आपण कोरडेपणा समजून तेल चोळतो. त्यामागची बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच पोसते. जांघेतला किंवा कमरेवरचा नायटाही वरून कोरडा, खवलेदार दिसतो आणि तेलाखाली सुखानं पसरतो. खवला दिसला म्हणजे कोरडेपणाच असेल असं नाही. तेलाआधी ही खातरजमा व्हायला हवी.

परंपरेचा शहाणपणा वस्तूंपेक्षा क्रमात अधिक आहे, असं मला वाटतं. नरक चतुर्दशीच्या पहाटे आधी तेल लावतात, अंग रगडतात, ते मुरू देतात आणि मग उटणं. आधी स्निग्धता दिली जाते आणि उटण्याची भुकटी फक्त वरचं जास्तीचं तेल उचलून नेते. साबणासारखा आतला भराव काढत नाही. आता उटण्याचं पाकीट आणतात, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवतात, चेहऱ्यावर थापतात आणि करकरीत वाळेपर्यंत पंख्याखाली बसतात. तेल गळून गेलं, राहिली माती आणि पीठ. वाळताना ते त्वचेवरचा ओलावाही शोषून घेतं. जिनसा त्याच असूनही परिणाम उलटा होतो. वर पाकिटावर गोरेपणाचं आश्वासन असतं. त्वचा निरोगी राहावी म्हणून सुरू झालेला घरगुती उपचार तिचा रंग बदलण्याच्या खटाटोपाला जाऊन मिळतो आणि मुलींना शाळेच्या वयापासून स्वतःच्या रंगाची लाज शिकवतो. मला हे फार खुपतं.

वाटीत ताज्या कालवलेल्या लेपांकडे मी साशंकतेनं पाहते ते एवढ्यासाठीच नाही. तेल आणि तूप टिकतं, कारण त्यात जंतूंना जगायला पाणी नसतं. साय, दही, केळं, पपई, कोरफडीचा गर, मध-पाण्याचं मिश्रण यांत पाणी आहे आणि अन्नही आहे. असा लेप त्याच वेळी लावून धुऊन टाकला तर धड त्वचेला बहुधा काही होत नाही. पण तो उरतो, डबीत भरला जातो, फ्रीजमध्ये जातो आणि आठवडाभर त्यात बोटं बुडत राहतात. कारखान्यातलं क्रीम टिकावं म्हणून त्यात परिरक्षक असतात. घरच्या क्रीममध्ये नसतात याचाच लोकांना अभिमान वाटतो. पाणी असलेल्या क्रीममध्ये परिरक्षक नसणं हा मात्र सरळसरळ दोष आहे. जंतू वाढलेले दिसायला हवेत असं नाही, वासही यायला हवा असं नाही. कोरफडीच्या पानातून गराबरोबर पिवळा चीक उतरतो, तोही आग करतो. पान कापून उभं ठेवून तो निथळू देण्याची रीत आता कुणी फारशी सांगत नाही.

शतधौत घृताचं उदाहरण या दोहोंच्या मधलं आहे आणि म्हणून मनोवेधक आहे. तांब्याच्या भांड्यात गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, आणि असं शंभर वेळा करायचं. तुपाचा पिवळेपणा जातो, वास उतरतो, पांढरं, हलकं, क्रीमसारखं काहीतरी हाती येतं. आयुर्वेदात ते दाहावर सांगितलेलं आहे आणि लावल्यावर जो गारवा वाटतो तो खरा आहे, कारण धुताना तुपात पाण्याचा अंश अडकून बसतो. त्याच कारणानं ते साध्या तुपासारखं बेफिकिरीनं ठेवता येत नाही. थोडंच करावं आणि लवकर संपवावं. त्यातले कष्ट पाहता घरोघरी ते कधीच होत नसणार, वैद्याकडूनच मिळत असणार.

लिंबू आणि खाण्याचा सोडा यांच्या बाबतीत मात्र दुसरी बाजू मांडण्यासारखं मला काही सापडत नाही. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळपास, सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. दोन्ही टोकं त्वचेला परकी आहेत. शिवाय आपल्या कागदी लिंबाच्या सालीत अशी द्रव्यं असतात की ती अंगाला लागून त्यावर ऊन पडलं की त्वचा भाजते. फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळपट डाग राहतात. रंग उजळावा म्हणून लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं. साखर, मीठ, कॉफीचा चोथा घासणंही कोरड्या त्वचेला नको. तिच्यावर आधीच ओरखडे असतात.

दुसरा प्रश्न त्वचा धड आहे का, हा. जपानमध्ये चेहरा धुण्याच्या एका साबणात विशिष्ट प्रक्रिया केलेली गव्हाची प्रथिनं घातलेली होती. २०११ च्या सुमारास उघड झालं की तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना पुढे गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावरही ॲलर्जी येऊ लागली होती. ब्रिटनमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुजलेल्या-फुटलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक दिसली. दोन्ही ठिकाणी वस्तू कारखान्यातली होती, घरची नव्हती. पण त्यातून कळलेली गोष्ट घरालाही लागू आहे. अन्नातली प्रथिनं पोटातून गेली तर शरीर ती सहसा आपली म्हणून स्वीकारतं. तीच फुटक्या त्वचेतून शिरली तर शत्रू म्हणून ओळखण्याची शक्यता वाढते. म्हणून ज्या बाळाला किंवा मोठ्या माणसाला इसब आहे, त्याच्या चिघळलेल्या जागेवर डाळीचं पीठ, कणीक, दूध, बदाम, घाण्याचं शेंगदाणा तेल यांतलं काहीच नको. तिथं वासरहित, साधी पेट्रोलियम जेली अधिक सुरक्षित आहे. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली पेटंट घेतलेली ही वस्तू खनिज तेलातून येते म्हणून नाक मुरडलं जातं. पण त्वचेतून उडणारं पाणी ती जवळपास पूर्ण थांबवते, तिला जंतू लागत नाहीत, तिची ॲलर्जी क्वचित होते आणि ती स्वस्त आहे.

याचा अर्थ बाजाराला निर्दोष ठरवणं नव्हे. क्रीम टिकवण्यासाठी वापरलेल्या मिथाइलआयसोथायझोलिनोन या द्रव्यानं युरोपात इतक्या लोकांना ॲलर्जी झाली की अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ते वापरायला तिथं २०१७ पासून बंदी आली. पॅराबेन मात्र, ज्यांच्या नावानं बाजारात ‘मुक्त’ असल्याचे शिक्के मिरवले जातात, ॲलर्जीच्या बाबतीत त्यामानानं निरुपद्रवी ठरली. आपल्याकडे तर स्टेरॉइड घातलेली मलमं क्रीमसारखी खपत होती, आणि त्वचेवर लावायची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली नियम कडक करावे लागले. ज्या बाईनं अशा मलमानं चेहऱ्याची कातडी पातळ झालेली पाहिली, ती पुन्हा हळद-सायीकडे वळली तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. तिचा अविश्वास अनुभवातून आलेला आहे.

तान्ह्या बाळांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथं निर्णय त्यांचा नसतो. ढाक्यातल्या बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हातानं लावण्याचा प्रयोग झाला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या बाळांमध्ये रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ साली अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी तेल लावण्याचा विचार करता येईल, असं म्हटलं. बाळाला तेल लावणाऱ्या आपल्या घरांना हे बळ देणारं आहे. लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवणं, मसुराच्या पिठानं अंग रगडणं यांना मात्र त्यातून काहीही आधार मिळत नाही. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. नवजात त्वचा घासली की तिच्यावर न दिसणारे ओरखडे उठतात, आणि उत्तर भारतातल्या मोहरीच्या तेलासारखं झोंबणारं तेल त्यावर गेलं तर त्रास वाढतो. तेल चालू ठेवा, रगडणं बंद करा, असं घरातल्या वडीलधाऱ्या बाईला मान राखून सांगता येतं.

मधुमेह असलेल्या माणसाच्या टाचेची भेगही घरगुती बाब राहत नाही. पाय सुन्न असतो, भेग खोल गेली तरी दुखत नाही आणि जंतूंना दार मिळतं. अशा पायांना रोज चरबीचा हात लावणं चांगलंच, पण गरम केलेलं कोकमतेल किंवा मेण भेगेत ओतणं धोक्याचं आहे, कारण चटका बसलेला कळत नाही. भेगेतून रक्त किंवा पाणी येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं.

उरला विक्रीचा प्रश्न, आणि तिथं मला सरकारशी वाद घालायचा आहे. घरात स्वतःपुरतं करणं वेगळं आणि शेजारणीला विकणं वेगळं. १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम यांनुसार विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. तरी आठवडी बाजारांत, प्रदर्शनांत, बचत गटांच्या टेबलांवर घरच्या क्रीमच्या बाटल्या बिनपरवाना विकल्या जातात. त्यातल्या पाणीदार क्रीमना माझा ठाम विरोध आहे. जंतूंची तपासणी न झालेलं, परिरक्षक नसलेलं क्रीम अनोळखी माणसाच्या चेहऱ्यासाठी विकणं क्षम्य नाही, मग ते करणारे हात कितीही प्रामाणिक असोत.

कोकमतेलाचा गोळा आणि मेण-खोबरेलाची डबी मात्र या तराजूत घालणं अन्यायाचं आहे. तेल नेमकं खाण्याचं की अंगाला लावायचं, हे कायद्यालाही सहज ठरवता आलेलं नाही. छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल मानायचं की केसांचं, हा कराचा वाद वर्षानुवर्षं चालून १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात मिटला. केसांचं तेल म्हणून विकलेलं नसेल तर ते खाद्यतेलच, असा निकाल लागला. लोणची-पापड करणाऱ्या लहान उद्योगाला अन्न सुरक्षा कायद्याखाली साध्या नोंदणीची सोय आहे. त्याच बाईनं त्याच चुलीवर काढलेलं कोकमतेल ‘टाचांच्या भेगांसाठी’ अशी चिठ्ठी लावून विकलं की तिच्यापुढे थेट कारखान्याचा परवाना उभा राहतो. पाण्याचा अंश नसलेल्या, चार-पाच ठरावीक जिनसांपुरत्या मलमांसाठी तशीच साधी नोंदणी करायला काय हरकत आहे? वेष्टनावर घटकांची नावं, बनवल्याची तारीख आणि गट क्रमांक असावा, वर्षातून एकदा सरकारी प्रयोगशाळेत नमुना जावा, आणि गोरेपणाचा किंवा रोग बरा करण्याचा दावा छापला तर नोंदणी रद्द व्हावी. नियम केंद्राचे आहेत, पण राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला असा प्रस्ताव दिल्लीला पाठवता येतो. पुढच्या हंगामात कोकमाच्या बिया वाळायला पडण्याआधी तो पाठवला जावा.